प्रोग्रामरने काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने?

संगणकाच्या भाषा दर काही वर्षांनी बदलतात. मात्र चांगली आज्ञावली कशी रचावी हे सांगणारी काही पुस्तके दोन-तीन दशकांनंतरही जुनी झालेली नाहीत. ‘डिझाइन पॅटर्न’ हा शब्द केवळ मुलाखतीपुरता पाठ करणाऱ्या तरुण अभियंत्यांसाठी या पुस्तकांचा परिचय आणि ती वाचण्याचा एक व्यवहार्य क्रम.

ठाण्याच्या वागळे इस्टेटचा चेहरामोहरा गेल्या काही दशकांत पार बदलून गेला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि महामंडळाच्या अगदी आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांत वागळे इस्टेटची गणना होते. रोड नंबर १६, रोड नंबर २२ अशा आकड्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या येथील रस्त्यांवर एकेकाळी लेथ आणि मिलिंग मशीनचा आवाज दिवसभर चाले. लहान-मोठे कारखाने आजही तेथे आहेत. परंतु अनेक जुन्या भूखंडांवर आता काचेच्या दर्शनी भिंतींचे आयटी पार्क उभे राहिले आहेत. सकाळी कल्याण-डोंबिवलीहून लोकलने ठाण्यात उतरून रिक्षाने वा टीएमटीच्या बसने इस्टेट गाठणाऱ्या तरुणांमध्ये टर्नर-फिटरच्या बरोबरीने प्रोग्रामरही आले आहेत.

या दोन पिढ्यांच्या शिक्षणात मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा कारखान्यात जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिके. हत्यार कसे धरावे, कोणत्या धातूला किती वेग द्यावा, माप कोठे चुकते, हे त्याला कामावरच समजे. प्रोग्रामरच्या नशिबी असा मिस्त्री क्वचितच येतो. प्रकल्पाची मुदत जवळ आलेली असते, वरिष्ठ बैठकांत गुंतलेले असतात आणि लिहिलेली आज्ञावली ‘चालते’ एवढ्यावरच तिची परीक्षा संपते. ही उणीव काही प्रमाणात पुस्तके भरून काढू शकतात. अट एकच; ती योग्य क्रमाने वाचायला हवीत आणि हातातल्या कामाशी ताडून पाहायला हवीत.

‘चालते’ आणि ‘टिकते’

चालणारी आणि टिकणारी आज्ञावली यांतला फरक समजण्यासाठी अलीकडचेच एक उदाहरण पुरेसे आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी देशात वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी रद्द झाले. आता एखाद्या लघुउद्योगाच्या बिलांची आज्ञावली डोळ्यांसमोर आणावी. कराचा दर जर एकाच ठिकाणी नोंदलेला असेल, तर बदल काही मिनिटांचा. तोच दर बिलाच्या पानावर, परतीच्या नोंदीत, मासिक अहवालात आणि निर्यातीच्या कागदांत असा वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेला असेल, तर शोधाशोध सुरू होते आणि एखादी जागा हमखास सुटते.

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर त्याची नोंद मूळ बिलाच्या, म्हणजे जुन्या दराने करावी लागते. ज्याने ‘कराचा दर’ ही एकच संख्या मानली, त्याची आज्ञावली येथे चुकते. ‘अमुक तारखेचा, अमुक वस्तूचा दर’ असा विचार ज्याने आधी केला, त्याची तरते. संगणकाची भाषा दोघांनाही सारखीच येत असते. रचनेच्या विचारात मात्र अंतर पडते. ज्या पुस्तकांची ओळख येथे करून द्यायची आहे, ती सारी या विचाराविषयी आहेत.

पॅटर्नचे मूळ घरबांधणीत

‘पॅटर्न’ हा शब्द कारखानदारीला नवा नाही. ओतकामात लाकडाचा वा धातूचा जो नमुना वाळूत दाबून साचा तयार करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. सॉफ्टवेअरमधला पॅटर्न याच अर्थाचा असावा, असा समज नवख्यांमध्ये सहज होतो आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. ओतकामाच्या पॅटर्नमधून एकसारखे शेकडो नग निघतात. सॉफ्टवेअरचा पॅटर्न दर वेळी नव्याने घडवावा लागतो.

ही कल्पना मुळात वास्तुरचनेतून आली. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७७ साली ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शहराच्या मांडणीपासून घराच्या खिडकीपर्यंत २५३ पॅटर्न आहेत. त्यांतला एक ठाणेकरांना चटकन पटेल. सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी फारशी वापरली जात नाही, असे तो सांगतो. दोन-तीन माणसे समोरासमोर बसतील आणि मध्ये लहानसे टेबल राहील, एवढी जागा नसेल तर बाल्कनीचा उपयोग कपडे वाळत घालण्यापुरता उरतो. येथे एक अडचण आहे, ती का निर्माण होते याचे कारण आहे, तिच्यावरचा उपाय आहे आणि या सगळ्याला एक नावही आहे. बाल्कनीचा नकाशा मात्र दिलेला नाही. तो प्रत्येक घराप्रमाणे वेगळाच होणार. सॉफ्टवेअरच्या पॅटर्नचेही नेमके हेच आहे.

अलेक्झांडरच्या विचारांचा भारताशीही संबंध आहे. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या त्यांच्या पुस्तकात सविस्तर सोडवून दाखवलेले उदाहरण एका भारतीय खेड्याचे आहे. त्या खेड्याच्या १४१ गरजा मांडून, परस्परांशी निगडित असलेल्या गरजांचे त्यांनी गट पाडले होते. मोठा प्रश्न कोठे तोडावा, हाच सॉफ्टवेअर रचनेचाही गाभा आहे. १९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी अलेक्झांडरची ही दृष्टी प्रोग्रामिंगमध्ये आणून पाहिली आणि पुढल्या काही वर्षांत तिने चांगलेच मूळ धरले.

चौघांचे पुस्तक

१९९४ साली एरिख गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसाइड्स यांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ प्रसिद्ध झाले. ‘गँग ऑफ फोर’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चौघांनी अनुभवी प्रोग्रामरांच्या कामात वारंवार आढळणाऱ्या २३ रचना निवडल्या. वस्तू निर्माण करण्याविषयीच्या ५, त्यांच्या जोडणीविषयीच्या ७ आणि त्यांच्या परस्पर व्यवहाराविषयीच्या ११.

यांतल्या बऱ्याच रचना व्यवहारात आधीपासूनच ओळखीच्या असतात. मशीनच्या स्पिंडलचे माप एक आणि ड्रिलच्या दांड्याचे दुसरे असेल, तर कारागीर मध्ये स्लीव्ह बसवतो. मशीनही बदलत नाही आणि ड्रिलही. हा ‘अडॅप्टर’. गाडी उशिरा येणार ही माहिती एका ठिकाणी बदलली, की फलाटावरचे इंडिकेटर, उद्घोषणा आणि मोबाइलवरची सूचना या सर्वांना ती आपोआप कळावी, ही व्यवस्था म्हणजे ‘ऑब्झर्व्हर’. बिलाच्या उदाहरणात कर मोजण्याची पद्धत वेगळी काढून तारखेनुसार व वस्तूनुसार योग्य ती पद्धत जोडणे, ही झाली ‘स्ट्रॅटेजी’.

या नावांचा खरा लाभ बोलण्यात होतो. ‘येथे अडॅप्टर घालू’ एवढ्या तीन शब्दांत दोन अभियंत्यांची अर्ध्या तासाची चर्चा उरकते. त्याचबरोबर प्रत्येक पॅटर्नची किंमतही हे पुस्तक सांगते. कोणता पॅटर्न केव्हा वापरू नये, त्यामुळे कोणता गुंता वाढतो, याची चर्चा प्रत्येक प्रकरणात आहे. घाईत वाचणारे नेमका हाच भाग गाळतात. दोन ओळींच्या कामासाठी पाच क्लास उभे राहतात ते त्यामुळेच.

पुस्तकाचे वयही लक्षात घ्यावे लागते. त्यातली उदाहरणे सी-प्लस-प्लस आणि स्मॉलटॉक या भाषांतली आहेत. पीटर नॉर्विग यांनी १९९६ सालीच दाखवून दिले होते, की लिस्पसारख्या लवचीक भाषेत २३ पैकी १६ पॅटर्न कितीतरी सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. मुलाखतींत आवर्जून विचारला जाणारा ‘सिंगलटन’ पुस्तकातून काढून टाकावा, असे मत खुद्द गॅमा यांनी २००९ साली व्यक्त केले. सर्वांना हात लावता येईल अशी एकच सामाईक वस्तू ठेवली, की ती कोणी केव्हा बदलली याचा पत्ता लागत नाही आणि चाचणी घेणेही अवघड होते. ज्या पुस्तकाचे लेखकच पंधरा वर्षांनी आपल्या यादीचा फेरविचार करतात, ते पुस्तक पोथीसारखे पाठ करणे कितपत योग्य, याचा विचार विद्यार्थ्यांनी आणि मुलाखत घेणाऱ्यांनीही करायला हवा.

हा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचण्याचा नाही. फारसा अनुभव नसलेल्या वाचकांनी कोठून आरंभ करावा, यासाठी लेखकांनीच ८ सोप्या पॅटर्नची यादी दिली आहे. अडॅप्टर, ऑब्झर्व्हर आणि स्ट्रॅटेजी हे तिन्ही त्यात आहेत. ज्यांना हे पुस्तक कोरडे वाटेल, त्यांच्यासाठी ‘हेड फर्स्ट डिझाइन पॅटर्न्स’ आहे. २००४ साली आलेल्या आणि २०२० साली सुधारून निघालेल्या या पुस्तकात चित्रे, कोडी आणि संवाद यांतून जावा भाषेच्या आधारे तोच विषय उलगडला आहे.

आधी हात स्वच्छ

पॅटर्न शिकण्यापूर्वी रोजचे लिखाण नीटनेटके हवे. अक्षर न वळवताच वृत्तबद्ध कविता लिहायला बसावे, तशी अनेकांची गत होते. या पायरीसाठी तीन पुस्तके उपयोगी आहेत.

ब्रायन कर्निगन आणि रॉब पाइक यांचे ‘द प्रॅक्टिस ऑफ प्रोग्रामिंग’ हे १९९९ सालचे पुस्तक त्यांत सर्वांत आटोपशीर. चलांना नावे कशी द्यावीत, चूक कशी शोधावी, चाचणी कशी घ्यावी, वेग केव्हा वाढवावा, अशा साध्या प्रश्नांची त्यात जाणकार उत्तरे आहेत. स्टीव्ह मॅकॉनेल यांचे ‘कोड कम्प्लीट’ मात्र जाडजूड आहे. १९९३ सालच्या या पुस्तकाची दुसरी आवृत्ती २००४ साली निघाली. डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभ्याने वाचण्यासारखे ते नव्हे. टेबलावर ठेवून हवे ते प्रकरण उघडावे, असा तो संदर्भग्रंथ आहे.

तिसरे पुस्तक अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांचे ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’. १९९९ साली आलेल्या या पुस्तकाची सुधारित आवृत्ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. ‘स्वतःची पुनरावृत्ती करू नका’ हे आज सर्वतोमुखी झालेले सूत्र याच पुस्तकातले आहे, पण त्याचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. एकसारख्या दिसणाऱ्या ओळी एकत्र कराव्यात, एवढाच त्याचा अर्थ नाही. कोणतीही एक माहिती साऱ्या प्रणालीत एकाच ठिकाणी नोंदलेली असावी, असे लेखकांना म्हणायचे आहे. कराच्या दराचे उदाहरण येथे पुन्हा लागू पडते.

या मालिकेत रॉबर्ट मार्टिन यांच्या २००८ सालच्या ‘क्लीन कोड’चे नाव नेहमी घेतले जाते. त्यातला नीटनेटकेपणाचा आग्रह मोलाचा आहे. परंतु प्रत्येक फंक्शन अगदी लहान असावे आणि टिपा शक्यतो टाळाव्यात, हा उपदेश सर्वांना मान्य नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१८ साली ‘अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाइन’ या छोटेखानी पुस्तकात याच्या बरीच उलट बाजू मांडली. लहान-लहान तुकड्यांची गर्दी झाली, की त्यांचे परस्परसंबंध लक्षात ठेवणे हेच ओझे होते; त्यापेक्षा बाहेरून साधा आणि आत बरेच काम करणारा भाग चांगला, असे ते म्हणतात. ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचली, तर वाचकाला स्वतःचे मत बनवावे लागते आणि रचनेचे शिक्षण तेथूनच सुरू होते.

दुसऱ्याचे लिहिलेले निस्तरताना

कोऱ्या पाटीवर नवी आज्ञावली लिहिण्याची संधी नोकरीत फार थोड्यांना मिळते. वागळे इस्टेट असो वा ऐरोली, बहुतेकांच्या वाट्याला येते ती दहा-पंधरा वर्षे जुनी, अनेकांचे हात लागलेली आणि मूळ लेखक केव्हाच नोकरी सोडून गेलेली आज्ञावली. तिला हात लावण्याची भीती वाटते. मग जुन्याला न छेडता बाजूला नवे ठिगळ लावले जाते आणि गुंता वाढत जातो. या भीतीवर दोन पुस्तकांनी इलाज सांगितला आहे.

मार्टिन फाउलर यांचे ‘रिफॅक्टरिंग’ १९९९ साली आले आणि २०१८ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. आज्ञावलीचे बाहेरून दिसणारे वर्तन न बदलता तिची आतली रचना लहान-लहान, सुरक्षित पावलांनी सुधारण्याची पद्धत त्यात शिकवली आहे. प्रत्येक पावलानंतर चाचणी, ही त्याची अट. मायकेल फेदर्स यांचे २००४ सालचे ‘वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड’ तर अशाच वाचकांसाठी लिहिलेले आहे. जिच्यासाठी चाचण्या नाहीत ती प्रत्येक आज्ञावली, मग ती कालच लिहिलेली का असेना, ‘जुनी’ समजावी, ही त्यांची व्याख्या प्रसिद्ध आहे. चाचण्या लिहायच्या तर रचना बदलावी लागते आणि रचना बदलायची तर आधी चाचण्या हव्यात, अशा पेचातून वाट कशी काढावी, हे फेदर्स उदाहरणांनिशी दाखवतात.

याच विषयावर भारतीय लेखकांचेही चांगले पुस्तक आहे. गिरीश सूर्यनारायण, गणेश समर्थ्यम आणि तुषार शर्मा यांच्या ‘रिफॅक्टरिंग फॉर सॉफ्टवेअर डिझाइन स्मेल्स’ या २०१४ सालच्या पुस्तकात बिघडलेल्या रचनेची लक्षणे वर्गवार मांडली आहेत. रोग ओळखता आला तर औषध सुचते, हे त्यामागचे सूत्र.

मराठी मुलखाचा वाटा

महाराष्ट्रातल्या हजारो विद्यार्थ्यांच्या हाती पडलेले प्रोग्रामिंगचे पहिले पुस्तक नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे असते. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेल्या कानेटकरांनी सोप्या इंग्रजीत सी भाषा उलगडून दाखवली आणि इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलांनाही ती आपलीशी वाटली. अच्युत गोडबोले यांनी ऑपरेटिंग सिस्टिम्सवर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले आणि मराठीतही संगणकाची ओळख करून दिली. मात्र सॉफ्टवेअरच्या रचनेवरचे वर उल्लेखिलेले ग्रंथ वाचायचे, तर इंग्रजीला पर्याय नाही.

याच परंपरेत अलीकडे एक महत्त्वाची भर पडली. पुण्यात कार्यालय असलेल्या थॉटवर्क्स या कंपनीतील उन्मेष जोशी यांचे ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ हे पुस्तक २०२३ साली अ‍ॅडिसन-वेस्ली या प्रकाशनसंस्थेने फाउलर यांच्या नावाने चालणाऱ्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. अनेक संगणक मिळून एकच काम करतात, तेव्हा मधलाच एखादा बंद पडला तरी हिशेब चुकू नये, यासाठी वापरल्या जाणाऱ्या रचना त्यांनी काफ्का, झूकीपर यांसारख्या प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालींमधून शोधून मांडल्या.

त्यातल्या कल्पना परक्या नाहीत. व्यापारी प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग सवडीने खतावणीत चढवतो. मध्येच काही अडचण आली, तर कीर्द पाहून खतावणी पुन्हा उभी करता येते. संगणकाच्या जगात यालाच ‘राइट-अहेड लॉग’ म्हणतात. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत गणपूर्ती झाल्याविना ठराव होत नाही. ‘मेजॉरिटी कोरम’ हा पॅटर्नही असाच. निम्म्याहून अधिक संगणकांनी होकार दिल्याखेरीज नोंद पक्की होत नाही.

यंत्रच लिहू लागल्यावर

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल ती आज्ञावली क्षणार्धात लिहून देतात. मग ही जाडजूड पुस्तके वाचायची कशाला, असा प्रश्न विचारला जातो. तो केवळ तात्त्विक नाही. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि त्याची झळ मधल्या व वरच्या फळीला अधिक बसेल, असे सांगण्यात आले. ठाणे-मुंबईच्या अनेक घरांत त्या बातमीने चिंता निर्माण केली. दहा-पंधरा वर्षांचा अनुभव गाठीशी असूनही आपले नेमके कौशल्य कोणते, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला.

याचे उत्तर शोधताना फ्रेड ब्रुक्स यांचे १९७५ सालचे ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हाती घ्यावे. आयबीएमच्या ओएस/३६० या महाकाय प्रकल्पाच्या अनुभवातून लिहिलेल्या या पुस्तकातला, रखडलेल्या प्रकल्पावर माणसे वाढवली की तो आणखी रखडतो, हा निष्कर्ष सर्वज्ञात आहे. त्याच्या १९९५ सालच्या आवृत्तीत ‘नो सिल्व्हर बुलेट’ हा १९८६ सालचा निबंधही समाविष्ट आहे. सॉफ्टवेअरमधल्या अडचणी दोन प्रकारच्या असतात, असे ब्रुक्स सांगतात. काही साधनांमुळे येतात आणि साधने सुधारली की कमी होतात. दुसऱ्या त्या प्रश्नाच्याच पोटात असतात. आज्ञावली टंकण्याचे श्रम पहिल्या प्रकारातले. ते यंत्राने हलके केले. परत आलेल्या मालाला कोणता दर लावायचा, हे आधी ओळखणे दुसऱ्या प्रकारातले. ते माणसाकडेच राहते. यंत्राने लिहिलेल्या पाचशे ओळी वाचून ‘ही रचना सहा महिन्यांनी गळ्याशी येईल’ असे सांगू शकणारा अभियंता पूर्वीपेक्षा अधिक लागणार आहे, आणि ती नजर वाचन व सराव यांतूनच येते.

क्रम आणि पद्धत

नोकरीच्या पहिल्या वर्षी कर्निगन-पाइक आणि ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ ही दोनच पुस्तके पुरेशी आहेत. दुसऱ्या वर्षी ‘रिफॅक्टरिंग’ आणि फेदर्स. कारण तोवर जुन्या आज्ञावलीशी गाठ पडलेली असते. पॅटर्नचे पुस्तक त्यानंतर घ्यावे. ज्या अडचणी स्वतः अनुभवल्या, त्यांची नावे तेथे भेटतात आणि ती विसरली जात नाहीत. मार्टिन आणि ऑस्टरहाउट एकत्र वाचावेत. अनेक संगणकांवर चालणाऱ्या प्रणालींशी संबंध आला, की जोशींचे पुस्तक. ब्रुक्स केव्हाही वाचावा. पण संघाची जबाबदारी अंगावर येण्यापूर्वी नक्कीच.

खर्चाची फार धास्ती नको. अ‍ॅडिसन-वेस्लीच्या अनेक पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या पिअर्सनतर्फे, तर ‘हेड फर्स्ट’ मालेतील पुस्तके श्रॉफ पब्लिशर्सतर्फे मूळ परदेशी आवृत्त्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत निघाल्या आहेत. चार सहकाऱ्यांनी मिळून वर्षाला चार पुस्तके घेतली, तर भार आणखी हलका होतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. वर्गणी काढून ग्रंथ सामाईक करण्याची रीत या शहरांना नवी नाही. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांपर्यंत ती नेणे एवढेच बाकी आहे.

वाचताना एक पथ्य पाळावे. प्रत्येक प्रकरणानंतर स्वतःच्याच प्रकल्पातली एक जागा शोधावी, जेथे ते लागू पडते किंवा मुद्दाम लावू नये असे वाटते, आणि त्याचे कारण दोन ओळींत वहीत लिहून ठेवावे. वर्षअखेरीस ती वही पन्नास-साठ नोंदींची होते. मुलाखतीत पॅटर्नची २३ नावे घडाघडा म्हणणाऱ्या उमेदवारापेक्षा त्यांतला एक आपण कोठे वापरला, दुसरा कोठे टाळला आणि का, हे सांगू शकणारा उमेदवार जाणत्या परीक्षकाला लगेच ओळखू येतो.